कुसुमआत्या आणि न मानणारा फौजदार

आमच्या घरातल्या पुस्तकांना कागदाचा वास नव्हता, मोरचुदाचा होता. पुण्याहून एस.टी.च्या पार्सलात नवं पुस्तक आलं की माझे वडील, आण्णा, त्याचं गुळगुळीत रंगीत कव्हर हळूच सोडवायचे, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं पुस्तक शिवायचे, कडेला कापडाची पट्टी लावायचे आणि मग ते कव्हर पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवायचे. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला असायचा. खळ मैद्याची. दुष्काळाच्या त्या वर्षांत रेशनवर तांबडा मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरी थापल्या थापल्या चिरा पडायच्या, आणि आई परातीवरून मान वर करून म्हणायची, "माणसांना मिलो आणि पुस्तकांना मैदा. चालू द्या." आण्णा खळीचं पातेलं जरा लवकर झाकून ठेवायचे.

शेवगावच्या बसस्टँडसमोर आण्णांचं वाचनालय होतं. पुढं फळ्यांचं दार असलेली एक लांबट खोली, तीन भिंतींना छतापर्यंत मांडण्या, दाराशी एक टेबल आणि एक बाकडं. मागच्या दारानं बाहेर पडलं की अंगण, आणि अंगणापलीकडं आमचं घर. त्यामुळं आम्ही स्वयंपाकघरात बसलो तरी स्टँडवरचा आवाज ऐकू यायचा. पैठण गाडी लागली, नगर गाडी लागली, कुणाचं बोचकं राहिलं, सगळं. कंडक्टर, मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, कचेरीतले कारकून हे आमचे वाचक. बायका स्वतः येत नसत. त्या पोरांच्या हाती पुस्तक पाठवायच्या आणि सांगायच्या, "त्याच बाईचं दुसरं द्या म्हणावं."

ती बाई म्हणजे हेमांगी. मनकवडी हेमांगी. आज त्या कादंबऱ्या कुणाला आठवतही नसतील. पिवळ्या खरखरीत कागदावरच्या, हाताला शाई लागणाऱ्या. हेमांगी एका थंड हवेच्या गावी बंगल्यात एकटी राहायची. मेलेल्या माणसाची अंगठी, हरवलेल्या मुलीचा रुमाल, असं काही हातात धरलं की तिला पुढचं-मागचं सगळं दिसायचं. आणि तिच्यासमोर उभा असायचा इन्स्पेक्टर दिग्विजय. उंच, करारी, आणि कशावरही विश्वास न ठेवणारा. "पुरावा, हेमांगी, पुरावा!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेवटून दुसऱ्या पानावर त्याला पुरावा मिळायचा. शेवटच्या पानावर तो तिचा हात हातात घ्यायचा, आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात टेलिफोन वाजायचा आणि कादंबरी संपायची.

या कादंबऱ्या दुपारी आमच्या अंगणात मी मोठ्यानं वाचायची. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. जेवणं उरकली की आई, शेजारच्या कासारकाकू आणि आणखी दोघीतिघी मिलो निवडायला बसायच्या. सुपातून खडे टाकल्याचा आवाज, मध्येच पिठाच्या गिरणीची पुकपुक, आणि माझं वाचन. खुनाच्या जागी सुपं थांबायची. टेलिफोन वाजला की कासारकाकू संतापायच्या. "त्या मेल्या टेलिफोनला कुणीतरी काडी लावा गं! चौदा पुस्तकं झाली, अजून हा बाबा विचारीना तिला."

"विचारलं तर पुस्तकं कशी खपतील?" आई म्हणायची.

कुसुमआत्या या सगळ्यात बसलेली असायची, पण बोलायची नाही. खाली मान घालून मिलो निवडायची आणि एवढंसं हसायची. ती आण्णांची धाकटी बहीण. उंच, सावळी, डोळे एकमेकांपासून जरा लांब. तिशीला आली होती आणि तिचं लग्न झालं नव्हतं. त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. आत्याला दिसतं, असं लोक म्हणायचे.

लहानपणी म्हणे तिनं कुणाची तरी नथ कुठं पडली ते सांगितलं. मग कुणाची म्हैस. मग शाळेतल्या एका मुलीला म्हणाली, "आज तुझे मामा येणार," आणि ते आले. पोर लहान होती तोवर लोकांना गंमत वाटली. मोठी झाल्यावर भीती वाटू लागली. तिला पाहायला नेवाशाकडचे पाहुणे आले होते ते मला चांगलं आठवतं. पोहे झाले, पसंती झाली, आण्णांनी सुपारीचं बोलणंही काढलं. निघताना आत्यानं मुलाच्या आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, तिचा हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "मावशी, घरी लवकर जा. म्हाताऱ्या माणसाजवळ बसा." आठवड्याच्या आत त्यांच्याकडचे आजोबा गेले. त्यांचा निरोप आला, आज आजोबा, उद्या कोण, असली सून आम्हाला झेपायची नाही.

"कशाला बोललीस गं?" आईनं त्या रात्री तिला विचारलं. रागानं नाही.

"वहिनी, त्या बाईच्या हाताला गार घाम होता. बोलत इथं होती, लक्ष सगळं घराकडं. तेवढं मला दिसलं." आत्या थांबली. "का आणखी काही दिसलं, ते माझं मलाच कळत नाही."

त्यानंतर कुणी आलं नाही. रस्त्यात पोटुशा बायका तिला पाहून पोटावर पदर ओढायच्या. लहान पोरांची तोंडं फिरवायच्या. आणि याच बायका दुपारी गल्ली सामसूम झाली की मागच्या दारानं येऊन विचारायच्या, "कुसुमबाई, आमच्या ह्यांचं मन कुठं लागलंय का हो?" आत्या म्हणायची, "मला काही येत नाही." कुणी आलं की खाली बघायची, माणसाच्या डोळ्यांत बघणंच तिनं सोडलं होतं. आण्णा जेवायला आले की तेवढा वेळ ती वाचनालयात टेबलाशी बसायची. तिथं पुस्तकांच्या पाठी आणि समोरचा रस्ता, एवढंच तिचं जग. आता या वयात मला वाटतं, तिला गावानं अगदी प्रेमानं वाळीत टाकलं होतं. कुणी तिला वाईट बोललं नाही. फक्त सगळे दोन पावलं मागं उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात नवा फौजदार आला. जयवंत इंगळे नाव. भंडारदऱ्याच्या बाजूनं बदलून आलेला माणूस, डोळ्यांत अजून तिकडची हिरवळ घेऊन. आमच्याकडं चौकीच्या नळाला चिखल यायचा. सायकल भिंतीला टेकवून साध्या शर्टात तो वाचनालयाच्या दारात उभा राहिला तेव्हा टेबलाशी आत्या होती आणि मांडणीवरची धूळ झटकत मी होते.

"काहीतरी रहस्यकथा द्या," तो म्हणाला. "जरा हसायला पाहिजे."

आत्यानं न बोलता हेमांगीचं पुस्तक पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते टेबलावर ठेवलं. "या बाईला आधी अटक करायला पाहिजे. खून कुठं झाला हिला माहीत, हत्यार कुठं पुरलं हिला माहीत. म्हणजे हिचा हात आहे. दिग्विजय काय झोपा काढतो?"

आत्या हसली. मोठ्यानं, मान मागं टाकून. ते हसू मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, मी झटकणं हातात धरून तशीच उभी राहिले.

"मग पुढचा भाग नको ना?" ती म्हणाली.

"द्या. वाईट आहे, पण द्या."

मग तो येतच राहिला, आणि नेमका आण्णांच्या जेवणाच्या वेळेला. पुस्तक परत करताना बाकड्यावर बसून तो इन्स्पेक्टर दिग्विजयच्या चुका सांगायचा. प्रेताजवळचा पेला कुणीही हातात घेतो, साक्षीदाराला कुणी विचारत नाही की तू नक्की काय पाहिलंस. आत्या हेमांगीची बाजू घ्यायची. "तिला दिसतं त्यात तिचा काय दोष? तिनं कुठं मागून घेतलंय?" असं ती एकदा म्हणाली आणि लगेच पुस्तकांकडं वळली.

गावातली माणसं गप्प कशी बसतील. चौकीतल्या हवालदारानंच त्याला सांगितलं असणार. एक दिवस तो आला, बाकड्यावर बसला नाही. सरळ म्हणाला, "तुम्हाला दिसतं म्हणे."

आत्याचा चेहरा उतरला. संपलं, असं मला वाटलं.

"लोक म्हणतात," आत्या म्हणाली.

"तुम्ही काय म्हणता?"

हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. बराच वेळ ती टेबलावरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "कधी वाटतं दिसतं. कधी वाटतं लोकांच्या बोलण्यानंच मला तसं वाटतं."

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "माझी आई पोटात दुखून गेली. दवाखाना कोसावर होता. पण देवऋष्यानं सांगितलं बाहेरचं आहे, म्हणून अंगारे लावत बसले. मी तेव्हा या मुलीएवढा होतो. तेव्हापासून मी कुणाचंच मानत नाही. तुमचंही मानणार नाही. राग धरू नका."

"राग कशाला?" आत्या म्हणाली, आणि तिनं मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "उलट बरं वाटलं."

तो बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा उन्हाळा सरत आला होता, पण आभाळ कोरडंच होतं. दुष्काळातला बाजार म्हणजे घ्यायला आलेल्यांपेक्षा विकायला आलेली माणसं जास्त. पितळी हंडे, कडबा संपला म्हणून विकायला काढलेली जनावरं, दाराच्या चौकटीसुद्धा. बोधेगावच्या बाजूच्या एका वाडीची हिराबाई नवऱ्याबरोबर आली होती. दोघं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायची. बरोबर त्यांची चंद्री होती, चारपाच वर्षांची. मिठाचं माप घेताना हिराबाईनं तिचा हात सोडला, आणि पोर गर्दीत दिसेनाशी झाली.

संध्याकाळपर्यंत सगळा बाजार उठला तरी पोर सापडेना. त्या वर्षी विहिरी आटलेल्या, कठडे ढासळलेले, त्यामुळं सगळ्यांच्या मनात एकच. इंगळे फौजदारांनी शिपायांना विहिरींवर पाठवलं, स्वतः नाल्याच्या काठानं फिरले. आमच्याकडं त्या संध्याकाळी आईनं शेंगोळे केले होते, हुलग्याचे, तिखट रश्श्यातले. एरवी त्यावर आम्ही भांडायचो. त्या दिवशी ते पातेल्यात तसेच राहिले.

सकाळी आण्णांनी फळ्या उघडल्या आणि हिराबाई दारात उभी. आत्याकडं पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत आलेली ती पहिली बाई. तिच्यामागं बघ्यांचा घोळका. तिनं चंद्रीचं झबलं आत्याच्या मांडीवर टाकलं.

"बाई, लोक म्हंत्यात तुमाला दिसतं. माजी पोर कुटं हाय तेवढं सांगा. मेली असंल तर तसं सांगा, पन सांगा."

"अगं, मला काही येत नाही," आत्या म्हणाली. "मला नको विचारूस."

"मग कुनाला विचारू?"

आत्यानं ते झबलं उचललं. नाकाशी नेलं, लहान मुलाचे कपडे आई जशी नेते तसं. आणि डोळे मिटले. मी तिच्या शेजारीच उभी होते. कादंबरीतल्या हेमांगीसारखं काही झालं नाही, ना वारा सुटला, ना कसला सुगंध आला. तिच्या कपाळावर फक्त घाम फुटला.

"पोर आहे," ती म्हणाली. "बारीक घंटा वाजतीय. तिच्या गळ्यात आहे घंटा. आणि लोकरीचा वास येतोय."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. "घंटा! देवळात हाय पोर!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा घोळका गावातल्या देवळांकडं धावत सुटला. विहिरींवरची माणसंही हातातले दोर टाकून तिकडं पळाली.

थोड्याच वेळात फौजदार आले. युनिफॉर्म धुळीनं माखलेला, डोळे लाल. आल्या आल्या त्यांचा आवाज चढला. "मी माणसं जमवून एकेक विहीर बघतोय, आणि तुम्ही सगळ्यांना देवळांकडं पिटाळलंत! पोर कुठं कपारीत अडकली असेल तर? एकेक तास मोलाचा आहे! तुम्हाला मी शहाणं समजत होतो."

आण्णा मध्ये पडायला निघाले. आत्यानं त्यांना हातानं थांबवलं. ती रडत नव्हती. "मी देऊळ म्हटलंच नाही," ती म्हणाली. "घंटा म्हटलं. आणि लोकर."

फौजदार बोलता बोलता थांबले. टोपी काढून बाकड्यावर बसले. एक मोठा श्वास घेतला आणि एकदम वेगळ्याच आवाजात, हळू, म्हणाले, "काल दुपारी तुम्ही इथं बसला होता?"

"हो."

"मग डोळे मिटा. दिसतंय ते सांगू नका. काल समोरच्या रस्त्यानं काय काय गेलं ते आठवून सांगा. घाई नाही."

मी आजवर पुष्कळ वाचलं, पण एखाद्या माणसानं दुसऱ्याला इतक्या मायेनं प्रश्न विचारलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. आत्या सांगत गेली. हंडे विकणारी म्हातारी. नगरची गाडी उशिरा आली. दोन बैल, एकाचं शिंग मोडलेलं. मग मेंढरं. खूप मेंढरं, धुरळा उडवत. धनगर पुढं, बायका घोड्यावर सामान लादून. सगळ्यांत मागं एक लंगडं कोकरू.

"आणि?"

आत्याचा आवाज बारीक झाला. "आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून चालणारी एक पोर. मला वाटलं धनगराचीच असेल." तिनं डोळे उघडले. "मी पाहिलं होतं तिला. अहो, मी पाहिलं होतं!"

"कुठल्या बाजूला गेली मेंढरं?"

"पैठण रस्त्यानं."

फौजदार उठले. "दुष्काळात मेंढरं पाण्याच्या वासानं जातात. गोदावरीला असतील, मुंगी गावाच्या अंगाला. चला."

चौकीची जीप होती. पुढं ड्रायव्हर आणि फौजदार, मागं हिराबाई, तिचा नवरा आणि आत्या. आण्णा मला म्हणाले, "नलू, तू आत्याबरोबर जा," आणि मी उडी मारून बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या बाभळी शेळ्यांसाठी छाटून छाटून नुसते खुंट उरले होते. ठिकठिकाणी बायका खडी फोडत बसल्या होत्या, जीपचा आवाज झाला की हातोड्या थांबायच्या. हिराबाईनं सबंध वाट आत्याचा हात धरला होता. त्या हाताला कुणी असं घट्ट धरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुंगीपाशी नदी म्हणजे वाळू, आणि वाळूत मधे मधे उरलेले डोह. एका डोहाकाठी मेंढरं बसलेली. आम्ही काठ उतरून खाली गेलो आणि पहिल्यांदा ऐकू आला तो आवाज. किणकिण, अगदी बारीक. कोकरांच्या घोळक्यातून एक मळकी पोर उठून उभी राहिली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक पितळी घंटा होती.

हिराबाई धावली. आधी तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला अशी कवटाळली की ती घंटा दोघींच्या मध्ये दाबून गप्प झाली.

एक धनगरीण पदर सावरत पुढं आली. पोलीस पाहून घाबरली होती. "सायेब, आमी चोरली न्हाई. कोकरामागं आली हुती. लई लांब आल्यावर ध्यानात आलं. इचारलं गाव कंचं, तर मनती, आयेचं. आमचा मानूस सकाळच्यालाच मधल्या वाटनं सांगाया गेलाय शेवगावला."

"ही घंटा?" फौजदारांनी विचारलं.

"रातच्याला मीच बांदली. फिरून हारवाया नको म्हनून."

फौजदारांनी आत्याकडं पाहिलं. आत्या नदीकडं बघत होती.

धनगरणीनं आम्हाला चहा दिला, मेंढीच्या दुधाचा, दाट आणि थोडा खारट. चंद्री आईच्या मांडीवर बसून म्हणाली, "आये, कोकरू घरी नेऊ?" तिचा बाप, जो वाटेत दगडासारखा बसला होता, त्याला एकदम हुंदका फुटला. आम्ही सगळे दुसरीकडं बघत चहा पीत राहिलो.

जीपपर्यंत चालताना फौजदार आत्याच्या बरोबरीनं चालत होते. मी मागं. ते म्हणाले, "धनगर लेकरांच्या गळ्यात घंटा बांधतात कधीकधी. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल."

"नाही पाहिलं."

"कुणी सांगितलं असेल."

"नाही."

मग ते म्हणाले, "मेंढरांचं मला कळलं. गळ्यातल्या घंटेचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, आणि हातही जोडले नाहीत. चौदा कादंबऱ्यांत इन्स्पेक्टर दिग्विजयला एकदाही हे वाक्य बोलता आलं नव्हतं.

पोर सापडली याचा आनंद आम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंतच लाभला. सकाळी फळ्या उघडल्या तर पायरीवर हळदकुंकू, नारळ, उदबत्त्या. दुपारपर्यंत स्टँडपर्यंत रांग. कुणाचा मुलगा मुंबईला गेला तो परतला नाही, कुणाला मूल होत नाही, कुणाच्या विहिरीला पाणी कधी लागेल. आत्या घरात कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. तिनं भाकरीला हात लावला नाही. "वहिनी," ती आईला म्हणाली, "आधी मला भूत समजायचे ते बरं होतं. आता देव करतायत. देवाशी कुणी बोलतं का?"

तेवढ्यात पुढून फौजदारांचा आवाज आला. ते वाचनालयाच्या पायरीवर उभे होते. "कुसुमबाईंनी परवा इथं बसून ती पोर रस्त्यानं जाताना पाहिली होती. चौकशीत त्यांना आठवलं. त्या साक्षीदार आहेत, देव नाहीत. साक्षीदाराला नारळ देत नसतात. चला, घरी जा."

लोक हिरमुसले. काही जण तर चिडले, जणू त्यांचं काही हिसकावून घेतलं. पण रांग मोडली. दोनचार जणांनी आपापले नारळ परत उचलून नेले, त्यातला एक कासारकाकूंचा होता.

फौजदार आत अंगणात आले, पाणी प्यायला. आत्या दाराआडून म्हणाली, "गळ्यातल्या घंटेचं नाही सांगितलंत?"

"ज्याचं उत्तर माझ्याकडं नाही ते लोकांना कशाला सांगू? राहू द्या ते आपल्यात."

'आपल्यात' हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता, कारण ते एकदम कावरेबावरे झाले आणि पाणी अर्धंच पिऊन निघून गेले. आई त्या अर्ध्या तांब्याकडं बघून हसली.

पाऊस सुरू होऊन पेरण्या झाल्यावर ते आण्णांकडं आले. त्यांच्या घरात वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच विचारायला आले होते. त्याआधी आईनं आत्याला चुलीपाशी बसवून विचारलं होतं, "तुला काय वाटतं? खरं सांग." आत्या निखारे सारखे करत म्हणाली, "वहिनी, मानणारे सगळे मला भितात. हा मानत नाही, म्हणून माझ्याशी बोलतो."

बाहेर आण्णांना मात्र राहवेना. प्रामाणिक माणूस. "साहेब, तुमच्यापासून लपवत नाही. हिच्याबद्दल लोक..."

"मला माहीत आहे. मी मानत नाही."

"ते ठीक. पण समजा, खरंच दिसत असलं तर?"

फौजदारांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तर मला यायला उशीर होणार असला की जेवायला थांबणार नाहीत. बरंच की."

दाराआडून आत्याचं हसू ऐकू आलं. मान मागं टाकून हसायची ते. आण्णांनी सुपारी पुढं केली.

लग्न दारातच झालं. गुळाची लापशी, आमटी, भात. वाडीहून हिराबाई चंद्रीला घेऊन आली होती आणि तिनं पहिलं औक्षण केलं. पोटुशा बायकाही आल्या, पदर न ओढता. मग बदल्या होत गेल्या, श्रीगोंदा, संगमनेर, नाशिककडं कुठं कुठं. त्यांना एक मुलगा, एक मुलगी. शेवटी ते नगरला स्थायिक झाले. आत्याला पुढं काही दिसलं की नाही, याची चर्चा मी त्यांच्या घरात कधी ऐकली नाही. भांडणं ऐकली. आमटीत मीठ जास्त झालं, पेपर आधी कुणी वाचायचा, असली.

इंगळेकाका गेले त्याला आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले, कसलीही चाहूल न देता. मी आत्याला भेटायला गेले तेव्हा ती गॅलरीत बसली होती, केस पांढरे, डोळे तसेच लांब लांब. मग मी भीत भीत विचारलं, जे इतकी वर्षं मनात होतं ते. "आत्या, तुला आधी कळलं होतं का गं?"

तिनं मान हलवली. "नाही. यांच्याबद्दल मला कधीच काही दिसलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "शेजारी बसलेला माणूस तेवढा दिसायचा, नलू. तेवढंच पाहत बसले मी."